जाळे न विणणारे शिकारी : भातशेतीचे अबोल राखणदार

कोळी म्हटला की जाळे, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः आजवर जगात कोळ्यांच्या ५० हजारांहून अधिक जातींची नोंद झाली असून त्यांपैकी जवळजवळ निम्म्या जाती भक्ष्य पकडण्यासाठी जाळे विणत नाहीत. रेशमी धागा त्यांच्याजवळही असतो. परंतु त्याचा उपयोग त्या अंडी गुंडाळण्यासाठी, निवाऱ्यासाठी अथवा आधारासाठी करतात. शिकार मात्र दृष्टी, स्पर्श, वेग आणि संयम यांच्या बळावर साधतात. या शिकाऱ्यांचा आपल्या भातशेतीशी निकटचा संबंध असल्याने त्यांची ओळख करून घेणे उपयुक्त ठरेल.

शिकारीच्या तीन पद्धती

पहिली पद्धत झेप घेण्याची. घराच्या भिंतीवर टुणटुण उड्या मारणारा लहानसा कोळी सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याच्या आठ डोळ्यांपैकी समोरचे दोन मोठे डोळे भक्ष्याचा आकार स्पष्टपणे टिपतात, तर बाजूचे डोळे हालचालीची चाहूल घेतात. कोळ्यांच्या पायांच्या प्रमुख सांध्यांत पाय आखडणारे स्नायू असतात; ताठ करणारे नसतात. हा कोळी शरीरातील द्रवाचा दाब एकाएकी वाढवून मागील पाय ताठ करतो आणि माशीवर झेपावतो. तत्पूर्वी तो आपला धागा भिंतीला चिकटवतो. नेम चुकला तरी त्या धाग्याच्या आधाराने तो सावरतो.

दुसरी पद्धत दबा धरून बसण्याची. खेकड्यासारखा तिरपा चालणारा कोळी फुलावर निश्चल बसून राहतो. त्याच्या पुढील दोन जोड्यांचे पाय लांब व बळकट असतात. फुलावर कीटक उतरताच तो त्याला या पायांनी कवेत घेतो आणि विषदंत रोवतो. यांतील काही जाती काही दिवसांच्या अवधीत पांढऱ्याचा पिवळा असा आपला रंगही बदलू शकतात.

तिसरी पद्धत धावून पकडण्याची. इंग्रजीत ‘लांडगा कोळी’ या अर्थाच्या नावाने ओळखले जाणारे कोळी जमिनीवर भटकत शिकार करतात. पायांवरील सूक्ष्म केसांना हवेची हालचाल जाणवते, तर पायांतील बारीक चिरांसारखी संवेदनांगे जमिनीची कंपने टिपतात. मादी अंड्यांची पांढरी पिशवी शरीराच्या मागील टोकाला बांधून हिंडते आणि पिले बाहेर आल्यावर त्यांना पाठीवर वाहून नेते.

पद्धत कोणतीही असो, शेवट सारखाच. विषाने भक्ष्य निश्चेष्ट होते. त्यावर पाचकरस सोडून ते विरघळवले जाते आणि कोळी तो द्रव शोषून घेतो.

भातखाचरातील कामगिरी

तपकिरी तुडतुडा भाताच्या बुंध्याशी बसून रस शोषतो. प्रादुर्भाव वाढल्यास पीक ठिकठिकाणी गोलाकार करपते. याच बुंध्याशी, पाण्यावरूनही सहज धावणारा लांडगा कोळी वावरतो. तो दिवसाकाठी ५ ते १५ कीटक फस्त करतो.

फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत पीटर केनमोर यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस केलेल्या अभ्यासातून एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. कीटकनाशकांच्या अनावश्यक फवारणीनंतर तुडतुडे कमी न होता उलट वाढतात. याचे कारण सरळ आहे. तुडतुड्याची अंडी पानाच्या आवरणात सुरक्षित राहतात, उघड्यावर फिरणारे कोळी मात्र मरतात. अंड्यांतून निघालेल्या नव्या पिढीला मग शत्रूच उरत नाही. आणि कोळ्यांची संख्या तुडतुड्यांइतक्या झपाट्याने वाढत नाही. इंडोनेशियाने १९८६ मध्ये ५७ कीटकनाशकांना भातपिकावर वापरण्यास मनाई केली, त्यामागे हाच अनुभव होता.

आपण काय करावे?

कोळी हा सर्व किडींवरील रामबाण उपाय नव्हे. तो उपयुक्त कीटकही खातो आणि तुडतुड्यांची संख्या फार वाढल्यास त्याची शक्ती अपुरी पडते. म्हणूनच निरीक्षणाला महत्त्व आहे. फवारणीचा निर्णय घेण्यापूर्वी खाचरात ठिकठिकाणी चूड हलकेच बाजूला सारून बुंध्याशी तुडतुडे किती व कोळी किती, हे मोजावे. लागवडीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत केवळ पाने खाल्लेली दिसली म्हणून घाईने औषध मारू नये. प्रादुर्भाव खरोखरच वाढला असल्यास कृषी खात्याच्या सल्ल्याने योग्य ते औषध योग्य प्रमाणात वापरावे.

शिक्षकांना हा विषय प्रत्यक्ष दाखवता येण्याजोगा आहे. रात्री बॅटरी डोळ्यांच्या पातळीवर धरून मोकळ्या जमिनीवर प्रकाश टाकला असता लांडगा कोळ्याचे डोळे दवबिंदूंसारखे चमकतात. अंधारात सापाकिरड्याची काळजी मात्र अवश्य घ्यावी. पंचायत सदस्यांनी खरिपाच्या प्रारंभी गावसभेत ही माहिती दिली, तर अनेक शेतकऱ्यांचा फवारणीवरील नाहक खर्च वाचू शकेल. फवारणीचा पंप पाठीवर घेण्यापूर्वी एकदा बुंध्याशी वाकून पाहण्याची सवय गावोगाव रुजावी, एवढीच अपेक्षा.