चौथी भिंत आणि गावचा पार

मराठी नाटकाचा अभ्यास करताना 'वास्तववादी' आणि 'शैलीबद्ध' हे दोन शब्द पदोपदी भेटतात. या दोहोंतील भेद केवळ नेपथ्याचा आहे, असा समज आपणा विद्यार्थ्यांत पुष्कळदा आढळतो. रंगमंचावर खरी खुर्ची असली की नाटक वास्तववादी, नसली की शैलीबद्ध! माझ्या मते खरा भेद नाटक प्रेक्षकाशी जो करार करते, त्यात आहे.

वास्तववादी नाटक म्हणते, 'हे नाटक नव्हेच. एका घराची चौथी भिंत काढून तुम्ही आत पाहत आहात.' म्हणून नटाने प्रेक्षकांकडे पाहावयाचे नाही, गाणे मध्येच म्हणावयाचे नाही. इब्सेनचे 'डॉल्स हाऊस' १८७९ सालचे. १८८७ मध्ये आंत्वान याने पॅरिसला 'तेआत्र लीब्र' काढले आणि पुढे एका नाटकात खाटकाच्या दुकानासाठी रंगमंचावर खरेखुरे मांस टांगले. मराठीत 'नाट्यमन्वंतर'ने १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' सादर केले, तेव्हापासून हा करार आपल्याकडे रुजू लागला.

शैलीबद्ध नाटकाचा करार उलट आहे. 'हे नाटक आहे, पण तुम्ही-आम्ही मिळून ते खरे मानू,' असे ते म्हणते. भरताच्या नाट्यशास्त्रात लोकधर्मी आणि नाट्यधर्मी असे दोन प्रकार सांगितले आहेत, ते याच भेदाच्या जवळचे. रंगमंचावर एक फेरी घातली की स्थळ बदलले, हा संकेत तिथे आहे आणि तमाशाच्या वगातही आहे.

मी मांजरसुंब्याची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. माझ्या आजीला अक्षरओळख नाही. परंतु भारूड पाहताना तिला कधी काही समजावून सांगावे लागले नाही. मिशीवाला माणूस लुगडे नेसून उभा राहिला, तरी ती त्याला बाईच समजून हसते आणि पुढच्याच क्षणी त्यातला परमार्थही उचलते. पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात भारुडे रचली, ती अशाच श्रोत्यांसाठी. गोंधळातही तसेच. संबळ, तुणतुणे आणि दिवटी एवढ्या साहित्यावर नायक राजा होतो, राणी होतो, आणि जोडीदाराच्या प्रश्नाला उत्तर देताना पुन्हा गोंधळी होतो.

पुस्तकात मात्र हीच गोष्ट ब्रेख्तच्या नावावर येते. ब्रेख्तचे मोठेपण मला नाकारायचे नाही. पण १९३५ साली मॉस्कोत मेइ लानफांग या चिनी नटाचा अभिनय पाहून तोही भारावला होता, हे विसरू नये. आशियाची जुनी रीत युरोपात गेली आणि नव्या नावाने परत आली. १९७२ च्या 'घाशीराम कोतवाल'मध्ये रांगेत उभे राहिलेले ब्राह्मण कधी भिंत होतात, कधी पडदा. १९७४ च्या 'महानिर्वाण'मध्ये सतीश आळेकरांनी कीर्तनाचा बाज वापरला. आपल्याच बीड जिल्ह्यातले वामन केंद्रे यांनी १९८७ साली 'झुलवा' बसवले. जोगतिणींच्या जगण्यावरील उत्तम बंडू तुपे यांच्या कादंबरीवर ते आधारलेले आहे. या नाटकांना प्रायोगिक म्हणतात. पण त्यांचा करार पारावरच्या प्रेक्षकाला परका नाही.

मग वास्तववाद आपल्या कामाचा नाही काय? तसे म्हणणे एकांगी होईल. महेश एलकुंचवारांचे 'वाडा चिरेबंदी' (१९८५) पाहावे. अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर आणि शिक्षण राहून गेलेली प्रभा यांचे दुःख ढोलकीच्या तालावर सांगता आले नसते. न बोललेले शब्द ऐकू येण्यासाठी चौथी भिंतच हवी. शिवाय या नाटकातली माणसे वऱ्हाडी बोलतात आणि त्यांचे दुःख त्यामुळे उणे होत नाही.

खरी अडचण निराळीच आहे. स्पर्धांतून आणि स्नेहसंमेलनांतून मी पाहिलेल्या बहुतेक 'वास्तववादी' एकांकिकांत दिवाणखाना असतो, सोफा असतो, टेलिफोन असतो. आणि आमची बोली असते ती फक्त नोकराच्या तोंडी, हशा पिकवण्यापुरती. हा वास्तववाद कोणाच्या वास्तवाचा? दसऱ्यानंतर आमच्या नाक्यावरून ऊसतोडीला जाणाऱ्या गाड्या निघतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो आणि मुकादमाकडून उचल घेतलेली असते. त्या माणसांची कोपी रंगमंचावर दिवाणखान्याइतकीच बारकाईने उभी राहिलेली मला अजून पाहावयास मिळालेली नाही.

समजा, आपण तसे नाटक लिहिले. गाव सोडून कारखान्यावर पोचणे एका फेरीत दाखवता येईल. मुकादम, उचल आणि कर्जाचा हिशेब वगातल्या सोंगाड्याने प्रेक्षकांना सरळ विचारावा, कारण तो प्रश्न एका घराचा नाही. मात्र मुलीला यंदा शाळेसाठी आजीजवळ ठेवायचे की बरोबर न्यायचे, हे आईबाप रात्री कोपीत हळू आवाजात बोलतील, तेव्हा ढोलकी थांबली पाहिजे. तिथे संथ, बारीक, वास्तववादी अभिनयच हवा.

तात्पर्य, कोणती शैली आधुनिक आणि कोणती गावंढळ, हा वाद व्यर्थ आहे. व्यवस्थेला प्रश्न विचारायचा तेव्हा पारावरचा करार उपयोगी पडतो. माणसाच्या मनात डोकवायचे तेव्हा चौथ्या भिंतीचा. येत्या स्नेहसंमेलनासाठी संहिता निवडताना आपण एवढेच विचारावे, की हे नाटक पाहायला आपली आजी आली, तर ती त्यात केवळ नोकराच्या जागी तर नसेल ना?