फेरफार केलेला फोन आणि अडलेला निरोप



घाऊक धान्यव्यापारात निरोपाचे मोल मालाइतकेच असते. सकाळी निघालेला भाव दुपारपर्यंत टिकेलच असा नेम नाही. म्हणून ‘सौदा पक्का’ हा निरोप समोरच्या पेढीस वेळेवर पोहोचला की नाही, यावर नफातोटा आणि त्याहूनही मोलाची अशी आपली पत अवलंबून असते. आता असे बहुतेक निरोप स्मार्टफोनवरून जातात. फोनच्या मूळ घडणीत फेरफार केला असता निरोपसेवा त्यास का अडवितात, हे समजून घेणे म्हणूनच आपणां सर्वांस अगत्याचे आहे.

हा फेरफार दोन प्रकारचा असतो. पहिला संपूर्ण फोनचा. अँड्रॉइड प्रणालीच्या फोनमध्ये मालकास मर्यादित अधिकार असतात. प्रणालीचा गाभा कुलूपबंद असतो. ते कुलूप काढून सर्वाधिकार मिळविणे म्हणजे फोन ‘रूट’ करणे. युनिक्स प्रणालीतील सर्वाधिकारी खात्याचे नाव ‘रूट’, त्यावरून हा शब्द रूढ झाला. काही जण तर मूळ प्रणाली काढून लिनिएज-ओएससारखी दुसरीच बसवितात. कंपनीने दुरुस्त्या देणे थांबविलेल्या जुन्या फोनचे आयुष्य वाढविण्याचा तो एक मार्ग आहे. दुसरा प्रकार केवळ ॲपचा. मूळ व्हॉट्सॲपऐवजी ‘जीबी व्हॉट्सॲप’सारखी त्रयस्थांनी बनविलेली नक्कल वापरणे, हा तो प्रकार होय.

फेरफार झाल्याचे दूरच्या सेवेस कसे कळते? आपल्याच व्यवहारातील उदाहरण घेऊ. वजनमापे निरीक्षक काटा तपासून त्यावर मोहोर लावून जातो. पुढे ती मोहोर तुटलेली आढळली, तर दुकानदाराने माप मारले की नुसता काटा साफ केला, हा प्रश्न मागाहून येतो. काटा प्रथम बाद ठरतो. गूगलची ‘प्ले इंटिग्रिटी’ ही व्यवस्था अशीच मोहोर पाहते. ॲपने विचारताच ती फोनविषयी प्राथमिक, मध्यम वा कडक अशा तीन पायऱ्यांचा निर्वाळा देते. कुलूप उघडलेल्या फोनला वरच्या पायऱ्यांचा निर्वाळा सहसा मिळत नाही. अनेक बँकांची ॲपे रूट केलेल्या फोनवर चालण्यास नकार देतात, त्यामागेही अशीच तपासणी असते.

निरोपसेवेतील बोलके उदाहरण आरसीएस या सेवेचे आहे. साध्या एसएमएसची ही पुढील पायरी; हिच्यातून छायाचित्रे जातात आणि निरोप पोहोचल्याची खूणही मिळते. रूट केलेल्या फोनवरून पाठविलेले आरसीएस निरोप पोहोचत नाहीत, अशा तक्रारी येत असता मार्च २०२४ मध्ये गूगलने मान्य केले की, नको असलेल्या जाहिराती व गैरवापर रोखण्यासाठी अशा फोनांवर ही सेवा अडविली जाते. कारण अगदीच पोकळ नव्हते. एका यंत्रावरून हजारो खोटे निरोप धाडणाऱ्यांस सर्वाधिकार सोयीचा पडतो. आणि भारतात तर जाहिरातींच्या भडिमारामुळे २०२२ साली गूगलला आरसीएसवरील व्यापारी जाहिराती थांबवाव्या लागल्या होत्या.

तथापि आक्षेपास जागा आहे, आणि आमच्या मते ती मोठी आहे. ग्राहकांची मुख्य तक्रार नकाराची नव्हती, मुकाट नकाराची होती. निरोप गेल्यासारखा दिसे; प्रत्यक्षात तो कोठेच पोहोचत नसे. दलालाने ‘तुमचा सौदा करणार नाही’ असे तोंडावर सांगितले, तर आपण दुसरा दलाल पाहतो. पण त्याने होकार देऊन चिठ्ठी खिशातच ठेवली, तर पेढी बुडते. दुसरा मुद्दा असा की, मोहोर शाबूत असणे म्हणजे माल शुद्ध असणे नव्हे. कित्येक वर्षे सुरक्षा-दुरुस्ती न मिळालेला जुना फोन मूळ स्थितीत असल्यामुळे मध्यम पायरीच्या तपासणीत उत्तीर्ण होऊ शकतो. तर जाणकाराने नवी, सुरक्षित प्रणाली बसविलेला फोन अनुत्तीर्ण ठरतो. स्वतःच्या पैशाने घेतलेल्या वस्तूवर मालकाचा हक्क किती, हा प्रश्न येथे खराखुरा उभा राहतो.

नकली ॲपांच्या बाबतीत मात्र आमचे मत निःशंक आहे. जानेवारी २०१५ मध्ये ‘व्हॉट्सॲप प्लस’ वापरणाऱ्यांची खाती व्हॉट्सॲपने २४ तासांसाठी बंद केली. पुढेही तात्पुरती बंदी, आणि न ऐकल्यास कायमची, हेच धोरण राहिले. ऑगस्ट २०२१ मध्ये ‘एफएम व्हॉट्सॲप’च्या एका आवृत्तीत ‘ट्रायाडा’ हा घातक प्रोग्राम दडलेला असल्याचे कॅस्परस्की या संस्थेने दाखवून दिले. एका फोनवर दोन खाती हवीत म्हणून पुष्कळ जण नकलेकडे वळत. ती सोय मूळ व्हॉट्सॲपने ऑक्टोबर २०२३ मध्ये अँड्रॉइडवर जाहीर केली. तेव्हा ती सबबही उरली नाही.

व्यवहारात पुढील नियम पाळावेत. जुना फोन विकत घेताना प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’ या ठिकाणी तो प्रमाणित असल्याची नोंद पाहावी. पेढीच्या क्रमांकाच्या फोनवर प्रयोग करू नयेत; मुलांस हौस असेल तर त्यांस वेगळा जुना फोन द्यावा, कारण शिकण्याची हौस वाईट नव्हे. निरोप ‘गेला’ याची खूण आणि ‘पोहोचला’ याची खूण यांतील भेद ओळखावा. आणि मोठ्या सौद्याचा निरोप कोणत्याही फोनवरून गेला, तरी प्रत्यक्ष बोलून त्यास दुजोरा घ्यावा. यंत्र बदलले म्हणून सौद्याची जबाबदारी यंत्राकडे जात नाही. ती शब्द देणाऱ्याकडेच राहते.