नव्या गाडीचे तेल-पाणी : व्यापाऱ्यांसाठी एक उपयुक्त धडा

कापडाच्या बाजारात कोणताही व्यापारी डोळे मिटून थान उचलत नाही. तो सुताचा नंबर विचारतो, पन्हा मोजतो, कापड उजेडात धरून पाहतो आणि मगच सौदा पक्का करतो. तोच व्यापारी आठ-दहा लाखांची नवी गाडी कर्ज काढून घेतो आणि तेल बदलण्याची वेळ आली की मिस्त्रीला सांगतो, "चांगले तेल टाक भाई." चांगले म्हणजे कोणते, हे मिस्त्री सांगत नाही आणि मालकही विचारत नाही. मीटरभर कापडात जो एहतियात आपण पाळतो, तो इंजिनाच्या बाबतीत का पाळत नाही?

इंजिन बिघडले तर दुरुस्तीचा खर्च मोठा असतोच. शिवाय गाडी गॅरेजमध्ये उभी राहिली तरी बँकेचा हप्ता थांबत नाही आणि माल पोहोचवण्यासाठी भाड्याचा टेम्पो करावा लागतो. वॉरंटी आहे म्हणून बेफिकीर राहणेही दुरुस्त नाही. सांगितलेल्या दर्जाचे तेल वापरावे आणि वेळेवर बदलावे, ही अट वॉरंटीच्या कागदात लिहिलेली असते. म्हणून या धड्याचे सार आधीच सांगतो. कोणते तेल घालावे, हे गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकाला विचारावे. आणि तेच तेल घातले याचा पुरावा बिलाच्या रूपाने आपल्या फाइलमध्ये ठेवावा.

डब्यावरचे आकडे

तेलाच्या डब्यावर ०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३०, २०डब्ल्यू-५० असे आकडे असतात. सुतात नंबर वाढला की सूत बारीक होते. ६० नंबरचे सूत २० नंबरच्या सुतापेक्षा बारीक असते. तेलाचा हिशोब उलट आहे. तो डेनियरसारखा समजावा. आकडा मोठा, तेल जाड.

यात दोन आकडे आहेत. 'डब्ल्यू' हे अक्षर इंग्रजीतील हिवाळ्याच्या शब्दाचे आद्याक्षर आहे. त्याच्या आधीचा आकडा तेल थंड असताना किती सहज वाहते ते सांगतो. हा आकडा जितका लहान, तितके गाडी चालू करताना तेल इंजिनाच्या वरच्या भागांपर्यंत लवकर पोहोचते. नंतरचा आकडा इंजिन तापल्यावरच्या जाडीचा आहे. त्याची चाचणी १०० अंश सेल्सिअसवर होते. म्हणजे ५डब्ल्यू-३० हे तापल्यावर ३० च्या वर्गातले आणि थंडीत ५ च्या वर्गासारखे वाहणारे तेल.

आपल्याकडे एक समज पक्का आहे : "पातळ तेल थंड मुलखासाठी. मालेगाव-नागपूरच्या उन्हात जाडच तेल हवे." जुन्या पद्मिनी आणि ॲम्बेसेडरच्या काळात २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० हे जाड तेल सर्रास चालत असे. त्या इंजिनांची रचनाच तशी होती. आजच्या इंजिनात फिरणाऱ्या भागांमधली फट फार बारीक असते. व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा अनेक गाड्यांत तेलाच्याच दाबावर चालते. तिथे गरजेपेक्षा जाड तेल उशिरा पोहोचते आणि पेट्रोलही जास्त खाते.

उन्हाचा मुद्दाही समजून घ्यावा. बाहेर ४२ अंश असो की २२, तापलेल्या इंजिनाचे पाणी थर्मोस्टॅट साधारण ९० अंशांच्या आसपास राखतो. उलट सकाळी सावलीत उभी असलेली गाडी इंजिनाच्या दृष्टीने थंडच असते आणि झीज जास्त होते ती अशा थंड सुरुवातीलाच. काही गाड्यांच्या पुस्तकात हवामानाप्रमाणे दोन-तीन आकड्यांचा तक्ता असतो. तिथे आपल्या मुलखाला लागू पडणारा आकडा निवडावा. तक्त्याबाहेर मात्र जाऊ नये.

आकड्याशिवाय आणखी काय पाहावे?

सुताचा नंबर एक असला तरी दोन गिरण्यांच्या कापडाचा कस वेगळा असू शकतो. तसेच तेलाचे आहे. आकडा फक्त जाडी सांगतो. कस सांगण्यासाठी वेगळे दर्जे आहेत.

अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट म्हणजे एपीआय ही संस्था पेट्रोल इंजिनांच्या तेलाला 'एस' या अक्षराने सुरू होणारा दर्जा देते. पुढचे अक्षर जितके पुढचे, दर्जा तितका नवा. एसएन २०१० मध्ये आला, एसपी २०२० मध्ये आणि एसक्यू २०२५ मध्ये. पेट्रोल गाडीत पुस्तकाने एसएन मागितला असेल तर त्याच आकड्याचे एसपी तेल चालते. उलट चालत नाही. एसपी दर्जामागे एक कारण आहे. लहान टर्बो पेट्रोल इंजिनांत ठिणगी पडण्याआधीच इंधन पेटून पिस्टन फुटण्याचे प्रकार होत. ते टाळण्यासाठी तेलातील रसायने बदलली गेली. आपली गाडी टर्बो पेट्रोल असेल तर जुन्या दर्जाचे स्वस्त तेल घेणे हा महागाचा सौदा आहे.

डिझेलवाल्यांनी तर अधिक सावध राहावे. देशभर १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले. त्यानंतरच्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत काजळी पकडणारी जाळी असते. गॅरेजमध्ये तिला डीपीएफ म्हणतात. साधे तेल थोडे-थोडे जळते तेव्हा त्याची राख या जाळीत साठते. काजळी तापवून जाळता येते, राख जळत नाही. म्हणून या गाड्यांना कमी राखेचे तेल लागते. युरोपातील एसिया या संघटनेचे सी२, सी३, सी५ असे दर्जे त्यासाठीच आहेत. आमच्या बाजारातील एका व्यापाऱ्याने जुन्या टेम्पोसाठी आणलेले उरलेले तेल नव्या डिझेल गाडीत वापरायला सुरुवात केली. पुढे जाळीचा दिवा वारंवार पेटू लागला आणि तेलात वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट खर्च जाळीवर झाला.

काही नव्या इंजिनांत टायमिंग बेल्टसुद्धा तेलातच फिरतो. चुकीच्या तेलाने तो पट्टा खराब होतो आणि त्याचे तुकडे तेलाचा मार्ग बंद करतात. अशा गाडीत पुस्तकातील दर्जा अक्षरशः पाळावा.

'सिंथेटिक' हा शब्द मोठ्या अक्षरात छापलेला असतो. तो चांगला आहे, पण एकटा पुरेसा नाही. डब्याच्या मागच्या बाजूचे दर्जे पुस्तकाशी जुळतात का, तेच पाहावे. जुळत असतील तर सर्वांत महाग डबा घेणे फजूल आहे.

किती आणि केव्हा?

पूर्वी नवी गाडी हजार किलोमीटर चालली की तेल काढून टाकण्याची रीत होती. आता बहुतेक कंपन्या कारखान्यातले तेल पहिल्या ठरलेल्या मुदतीपर्यंत ठेवायला सांगतात. पहिल्या मोफत सर्व्हिसला अनेकदा फक्त तपासणी होते. तेव्हा घाईने तेल बदलून घेण्यात फायदा नाही. सुरुवातीचे हजार किलोमीटर गाडी जोरात रेटू नये आणि एकाच वेगाने तासन्‌तास चालवू नये, एवढे पाळावे.

मुदत नेहमी दोन प्रकारे लिहिलेली असते : इतके किलोमीटर किंवा इतके महिने, जे आधी येईल ते. यातला 'महिने' हा शब्द दुकानदार विसरतात. घर ते दुकान आणि दुकान ते गोदाम अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या करणारी गाडी वर्षात चार हजार किलोमीटरही चालत नाही. मालकाला वाटते, तेल नवेच आहे. वास्तविक छोट्या फेरीत तेल पुरते तापतच नाही. त्यात पेट्रोलचा अंश आणि पाण्याची वाफ साठते, उडून जात नाही. अशा वापराला पुस्तकात कठीण वापर म्हटलेले असते आणि त्यासाठी मुदत कमी दिलेली असते. धूळ, सततची गर्दी आणि जड ओझे हेही त्याच वर्गात येते.

महिन्यातून एकदा तेलाची पट्टी पाहावी. गाडी सपाट जागी उभी करावी, इंजिन बंद करून काही मिनिटे थांबावे, पट्टी पुसून पुन्हा घालावी आणि पाहावी. तेल दोन खुणांच्या मध्ये हवे. कमी तेल घातक आहेच, पण जास्तही घातक आहे. वरच्या खुणेपलीकडे भरल्यास फिरता क्रँक तेल घुसळतो, फेस होतो आणि फेसाने वंगण होत नाही. तेल काळे दिसले म्हणून घाबरू नये. काजळी धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. पण तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले असण्याची शक्यता आहे. गाडी दाखवून घ्यावी. तेलासोबत फिल्टरही बदलावा.

बाकीची पाणी-तेले

कूलंट : नळाचे पाणी रेडिएटरमध्ये घालू नये. त्यातील क्षार आत थर धरतात. कूलंट गंज रोखतो आणि उकळण्याचा बिंदू वाढवतो. बाजारात तयार मिसळलेला आणि दाट असे दोन प्रकार मिळतात. दाट असेल तर पुस्तकात दिलेल्या प्रमाणात डिस्टिल्ड पाणी मिसळावे. हिरवा, लाल, निळा हे रंग दर्जा सांगत नाहीत. म्हणून रंग पाहून मिसळ करू नये. गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये, उकळते पाणी तोंडावर उडते. कूलंट चवीला गोड पण विषारी असतो. मुलांपासून दूर ठेवावा.

ब्रेक ऑइल : हे हवेतील ओलावा शोषते. डॉट ४ दर्जाचे ताजे तेल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही; पण ओलावा शिरल्यावर ही हमी १५५ अंशांवर येते. भरलेली गाडी कसारा घाटातून उतरत असताना ब्रेक तापले आणि आतले पाणी उकळले तर पॅडल नुसते खाली जाते. म्हणून बहुतेक गाड्यांत ते दोन-तीन वर्षांनी बदलायचे असते. गाडी किती चालली याचा संबंध नाही. पातळी खाली गेली तर नुसते वर भरू नये. ब्रेकचे पॅड झिजले आहेत की गळती आहे, ते आधी पाहावे. डॉट ५ हे सिलिकॉनचे तेल आहे. ते डॉट ३ किंवा ४ मध्ये मिसळू नये.

गिअरचे तेल : ऑटोमॅटिक गाड्यांत तीन-चार प्रकारच्या रचना आहेत आणि प्रत्येकीचे तेल वेगळे. एकाचे दुसऱ्यात घातल्यास गिअरबॉक्स जाऊ शकतो.

पॉवर स्टिअरिंग : अनेक नव्या गाड्यांत ते विजेवर चालते, त्याला तेलच नसते. बिलात त्याचा खर्च लावला असेल तर विचारावे.

युरिया द्रव : काही बीएस-६ डिझेल गाड्यांना ३२.५ टक्के युरियाचा द्रव लागतो. त्याची टाकी वेगळी असते. तो चुकून डिझेलच्या टाकीत पडला तर गाडी चालूच करू नये, टाकी रिकामी करून घ्यावी.

विजेवरच्या गाडीला इंजिन ऑइल नसते, पण कूलंट आणि ब्रेक ऑइल तिथेही असते. तिच्या मालकांनी हा भाग सोडू नये.

खरेदी आणि हिशोब

नामांकित तेलाच्या नावाने नकली माल विकला जातो, हे व्यापाऱ्यांना सांगायला नको. ओळखीच्या अधिकृत विक्रेत्याकडून घ्यावे. सील, बॅच नंबर आणि उत्पादनाची तारीख पाहावी. डबा आपल्यासमोर उघडला जावा. रिकामा डबा भोक पाडून द्यावा, म्हणजे त्यात पुन्हा कोणी तेल भरून विकणार नाही. काढलेले तेल गटारात ओतू देऊ नये; ते पाणी आणि जमीन दोन्ही खराब करते.

बिलावर तेलाचे नाव, आकडा, दर्जा, किती लिटर, गाडीचा नंबर आणि मीटरचे किलोमीटर लिहून घ्यावे. नुसते 'ऑइल चेंज' लिहिलेले बिल घेऊ नये. उद्या वॉरंटीचा वाद झाला तर तोंडी बोलणे उपयोगी पडत नाही, कागद पडतो. पुढे गाडी विकताना हीच फाइल चार पैसे जास्त मिळवून देते.

नव्या गाडीच्या मालकांनी आज एवढेच करावे. गाडीचे पुस्तक काढावे. तेलाचा आकडा, दर्जा आणि मुदत, कूलंटचा प्रकार, ब्रेक ऑइलचा डॉट नंबर आणि मुदत, गिअरच्या तेलाचे नाव, अशा चार ओळी एका कार्डावर लिहून ते गाडीच्या कप्प्यात ठेवावे. घरातील मुलगा किंवा दुकानातील नोकर गाडी घेऊन गेला तरी मिस्त्रीच्या हातात ते कार्ड पडावे. मग "चांगले तेल टाक" असे सांगण्याची गरज राहणार नाही.