‘मला मान्य आहे’ : ऑनलाइन करारनाम्याची भाषा

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर आपणांस
• विधी संज्ञा आणि नित्य व्यवहारातील शब्द यांतील अर्थभेद सांगता येईल.
• वाक्यरचनेवरून हक्क कोणाचा व बंधन कोणावर, हे ओळखता येईल.

प्रास्ताविक

कवठे महांकाळचा द्राक्ष बागायतदार जमिनीचे साठेखत करताना गट क्रमांक, चतुःसीमा, इसार आणि मुदत दोनदोनदा वाचून घेतो. तोच मोबाइलवर नवे अॅप घेताना मजकूर न उघडता ‘मला मान्य आहे’ यावर बोट ठेवतो. वस्तुतः दोन्ही ठिकाणी तो करारच करीत असतो. केवळ इलेक्ट्रॉनिक माध्यमातून झाला म्हणून करार अमान्य ठरत नाही, असे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याचे कलम १०-अ सांगते. भारतीय करार अधिनियम, १८७२ याच्या कलम १३ नुसार उभय पक्ष एकाच गोष्टीस एकाच अर्थाने मान्यता देतात, तेव्हा ती संमती होते. ‘एकाच अर्थाने’ हे शब्द भाषेच्या अभ्यासकाने विशेष लक्षात ठेवावेत.

विषय-विवेचन

१. ओळखीचे शब्द, उलटी दिशा

‘परवाना’ म्हटले की शासनाने आपल्याला दिलेली अनुमती आठवते. ऑनलाइन करारात बहुधा आपण कंपनीला परवाना देतो : आपण टाकलेली छायाचित्रे व मजकूर वापरण्याचा. ‘नुकसानभरपाई’ आपल्याला मिळावयाची असते, असा आपला समज असतो. करारात मात्र आपल्या कृतीमुळे कंपनीस झालेली हानी आपण भरून द्यावी, असा तिचा रोख असू शकतो. म्हणून संज्ञेपाशी थांबून देणारा कोण व घेणारा कोण, हे विचारावे.

२. क्रियापदाचा अर्थ

पुढील नमुना पाहा : ‘आपली माहिती त्रयस्थ पक्षास दिली जाऊ शकते.’ नित्याच्या मराठीत ‘शकते’ म्हणजे ‘कदाचित’. करारात ते कंपनीने राखून ठेवलेल्या हक्काचे वाचक आहे. शिवाय या प्रयोगात कर्ता लुप्त आहे. तो परत आणून वाक्य लिहा : ‘आम्ही आपली माहिती इतर कंपन्यांना देऊ, तसा हक्क आपण आम्हांस देत आहात.’ आता ‘मान्य आहे’ म्हणण्यापूर्वी वाचक क्षणभर थांबेल.

३. मराठीतील संमती

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ यात संमतीची विनंती स्पष्ट व सोप्या भाषेत असावी, ती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील भाषेत पाहण्याचा पर्याय असावा आणि संमती देणे जितके सुलभ, तितकेच ती मागे घेणेही सुलभ असावे, अशी तरतूद आहे. मराठी त्या अनुसूचीत आहे. परंतु लिपी मराठी झाली म्हणजे मजकूर सुबोध झाला असे नव्हे. तो सुबोध करण्याचे काम मराठीच्या पदवीधरांचे आहे.

सारांश

करार वाचताना लुप्त कर्ता शोधावा, क्रियापद तपासावे आणि शब्दाचा करारात दिलेला अर्थच ग्राह्य धरावा.

स्वयं-अध्ययन

आपल्या मोबाइलमधील एका अॅपच्या अटींतून ‘शकते’ किंवा ‘शकतो’ असलेली तीन वाक्ये निवडा. प्रत्येकातील कर्ता स्पष्ट करून ती घरातील वडीलधाऱ्यांना समजतील अशा मराठीत पुन्हा लिहा.