पांढऱ्या गादीची निगा

सकाळचे साडेपाच वाजलेले असतात. सोसायटीच्या आवारात बादली आणि फडके घेऊन माणसे येतात. एकेक जण दहा-दहा, पंधरा-पंधरा मोटारी पुसतो. साहेब लोक कामावर निघायच्या आत गाड्या लख्ख झालेल्या असतात. आपल्या वाचकांपैकी काही जण हेच काम करतात. कोणी ड्रायव्हर आहेत. कोणी वॉशिंग सेंटरवर आहेत.

बाहेरचा पत्रा पुसायची सवय हाताला लवकर होते. आतल्या गादीचे तसे नाही. त्यातून गादी चामड्याची आणि रंगाने पांढरी, मोतिया किंवा बदामी असली, तर फारच जपावे लागते. कसे जपावे ते या धड्यात पाहू.

एका मामांची गोष्ट

आमच्या वर्गाला एक ड्रायव्हरमामा येत. गाडी चालवण्यात त्यांचा हातखंडा. त्यांच्या गाडीतल्या गाद्या मोतिया रंगाच्या होत्या. एके दिवशी लहान मुलाने गादीवर बॉलपेनने रेघ ओढली. मालकीणबाई म्हणाल्या, "मामा, तेवढा डाग काढून टाका."

गॅरेजच्या फळीवर दोन बाटल्या होत्या. दोन्ही सारख्याच दिसत. मामांनी एक उचलली, फडके भिजवले आणि जोर लावून घासले. रेघ गेली. मामा खूश झाले. पण फडके उलटून बघतात तो काय! निळे फडके पांढरे झालेले. मळ तर काळा असतो. मग हे पांढरे काय निघाले?

तो गादीचा रंग होता. खालचे करडे कातडे उघडे पडले होते. मामांनी उचललेली बाटली थिनरची होती.

"मामा, हे काय झालं?"

"ताई, डाग काढायला गेलो, अन् रंगच निघाला."

गादी पुन्हा रंगवून घ्यावी लागली. तिचा खर्च मामांच्या पगारातून तीन महिने कापला गेला. मामा आम्हांला म्हणाले, "बाटलीवर नाव लिहिलेलं होतं हो. मला वाचता येत नव्हतं." त्याच महिन्यात ते वर्गाला येऊ लागले.

गादीवर काय असते?

मामांचे नेमके काय चुकले? घासणे चुकले, बाटलीही चुकली. पण मुळात एक गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती. आपण हात लावतो ते उघडे चामडे नसते.

जनावराचे कातडे कमावले की त्याचे चामडे होते. मोटारीच्या गादीसाठी त्यावर रंगाचा थर देतात. रंगावर आणखी एक पारदर्शक थर देतात. भिंतीला रंग द्यावा आणि वर वॉर्निश मारावे, तसेच हे. हे थर फार पातळ असतात. गादी साफ करणे म्हणजे या थरावरचा मळ काढणे. थर मात्र जागच्या जागी राहिला पाहिजे.

आता कोणी म्हणेल, "आम्ही कोल्हापुरी वहाणेला तेल चोळतो. ती मऊ होते. मग गादीला तेल का नको?" प्रश्न चांगला आहे. कोल्हापुरी वहाणेचे चामडे बाभळीची साल, हिरडा अशा वस्तूंनी कमावतात. त्यावर रंगाचा जाड थर नसतो. म्हणून तेल आत मुरते. गादीवर थर असतो. तेल आत जात नाही, वरच राहते. त्यावर धूळ बसते, आणि चार दिवसांत पांढरी गादी काळपट दिसू लागते. वहाणेचे औषध गादीला लागू पडत नाही.

काही थोड्या गाड्यांत उघड्या चामड्याची गादीही असते. ती ओळखायची कशी? गादीच्या आडबाजूला, कोणाला दिसणार नाही अशा जागी, पाण्याचा एक थेंब ठेवा. थेंब वरच राहिला, तर थर आहे. थेंब मुरून जागा गडद झाली, तर चामडे उघडे आहे. अशी गादी आपण ओली करू नये. मखमलीसारख्या लवदार गादीलाही हीच सूचना. ती कामे जाणकाराकडे द्यावीत.

फिका रंग लवकर का मळतो?

काळी गादीही तितकीच मळते. फिक्या गादीवर मळ दिसतो, एवढाच फरक. पण तीन गोष्टी फिक्या गादीच्या खास वैरी आहेत.

पहिली जीनची पँट. जीनचा निळा रंग पाण्यात विरघळत नाही. तो धाग्याच्या वरवर बसलेला असतो आणि घासला की सुटतो. पँट नवी असेल, घामाने किंवा पावसाने ओली असेल, तर तो जास्तच लागतो. लागल्या लागल्या तो गादीच्या वर असतो. पुष्कळ दिवस गेले की थरात शिरतो. मग तो निघणे कठीण. म्हणून निळी झाक दिसली की त्याच आठवड्यात पुसा.

दुसरी वैरीण अंगाचे तेल आणि घाम. डोके टेकायची जागा, हात ठेवायची जागा, ड्रायव्हरच्या गादीची कड इथे ते साचते.

तिसरी वैरीण बारीक धूळ. ती डोळ्यांना दिसत नाही, पण माणूस बसला-उठला की पॉलिशपेपरसारखी घासते. थर झिजतो.

काम कसे करावे?

आता कृती पाहू. घाई करू नका. पायरी चुकवू नका.

१. गाडी सावलीत लावा. गादी तापलेली असेल तर निवू द्या. तापलेल्या गादीवर औषध लगेच वाळते आणि डाग राहतात.

२. आधी कोरडी धूळ काढा. मऊ ब्रश किंवा व्हॅक्यूम मशीन वापरा. शिवणीत आणि दुमडीत खडे, वाळू, बिस्किटाचा चुरा असतो. तो न काढता ओले फडके फिरवले, तर ओरखडे पडतील.

३. चामड्यासाठी बनवलेले सौम्य औषध घ्या. ते जवळ नसेल, तर एक तांब्या कोमट पाण्यात सौम्य पातळ साबण एक लहान चमचा घाला. कपड्याची पावडर नको.

४. आडबाजूला थोडे लावून बघा. पांढऱ्या फडक्याने पुसा. गादी रंगीत असेल, तर फडक्यावर रंग येतो का ते पाहा. गादी पांढरी असेल, तर गडद फडके घ्या. रंग आला तर तिथेच थांबा.

५. औषध गादीवर ओतू नका. फडक्यावर किंवा मऊ ब्रशवर घ्या. एका वेळी वीतभर जागा करा. हात हलका ठेवा आणि गोल फिरवा. फेस मळ वर आणील.

६. फेस लगेच टिपा. मग स्वच्छ पाण्यात भिजवून घट्ट पिळलेले फडके फिरवा. मग कोरडे फडके. फडके मळले की बाजू बदला. नाहीतर एका जागचा मळ दुसऱ्या जागी जातो.

७. काही गाद्यांना बारीक भोके असतात. तिथे पाणी फारच कमी वापरा. पाणी भोकातून आत गेले, तर खालचा फोम ओला होतो. काही गाड्यांत गादीच्या आत पंखा आणि तारा असतात, हेही ध्यानात ठेवा.

८. दारे उघडून सावलीत सुकू द्या. उन्हात किंवा गरम वाऱ्याच्या यंत्राने सुकवू नका.

चहा, दूध, आमटी सांडली तर? घासू नका. कोरडे फडके दाबून टिपा. घासले की डाग पसरतो. बॉलपेनच्या रेघेवर स्वतःचे प्रयोग करू नका. पंधरा सेकंदांची घाई मामांना तीन महिने पुरली.

काय वापरू नये?

थिनर, पेट्रोल, रॉकेल आणि नखाचा रंग काढायचे औषध नको. ही सगळी रंगाचा थर खातात. 2020 साली करोना आला तेव्हा अनेकांनी हातांचे सॅनिटायझर गाडीत फवारले. त्यात अल्कोहोल असते. त्यानेही थर खराब होतो.

धुण्याचा सोडा, कपड्याची पावडर, ब्लीच नको. चामडे स्वभावाने किंचित आम्ल असते. सोडा आणि पावडर क्षारी असतात. दोघांचे जमत नाही.

टूथपेस्ट, भांडी घासायची घासणी, पांढरा "जादूचा स्पंज" नको. ते मळ विरघळवत नाहीत, खरवडतात. मळाबरोबर थरही जातो.

खोबरेल आणि बुटाचे पॉलिश का नको, ते आता तुम्हीच सांगाल.

मळूच नये म्हणून

साफ करणे अर्धे काम. जपणे उरलेले अर्धे.

गादी पूर्ण सुकली की तिच्यावर चामड्याचे संरक्षक औषध अगदी पातळ लावतात. जीनचा रंग आणि तेल मग त्या औषधावर थांबतात आणि सहज पुसले जातात. हा लेप कायमचा नसतो. बसून-उठून तो झिजतो. बाटलीवर लिहिले असेल तितक्या दिवसांनी तो पुन्हा लावावा. जास्त लावले म्हणजे जास्त टिकेल, असे नाही. अति तेथे माती.

आठवड्यातून एकदा धूळ काढा आणि ओलसर फडके फिरवा. गाडी उन्हात उभी असेल, तर पुढच्या काचेला आडोसा लावा. ऊन रंग उडवते आणि चामडे कडक करते. पावसाळ्यात ओल्या छत्र्या गादीवर ठेवू नका. बंद गाडीत ओल कोंडली की बुरशी धरते. पाऊस थांबला की दारे थोडा वेळ उघडी ठेवा.

आधी वाचा, मग पुसा

आता सर्वांत महत्त्वाचे. आपल्याकडे पुष्कळ बाटल्यांवर नाव इंग्रजीत असते. तरी तीन शब्द ओळखायला शिका. "लेदर क्लीनर" म्हणजे मळ काढणारे. "लेदर कंडिशनर" म्हणजे चामडे मऊ ठेवणारे. "लेदर प्रोटेक्टंट" म्हणजे संरक्षण करणारे. "थिनर", "अ‍ॅसिटोन", "ब्लीच" हे शब्द दिसले की बाटली खाली ठेवा.

गाडीबरोबर एक पुस्तिका मिळते. बहुधा ती पुढच्या कप्प्यात असते. गादी कशाने पुसावी ते तिच्यात लिहिलेले असते. वाचता येत नसेल तर मालकांना विचारा, "साहेब, यात गादीबद्दल काय लिहिलंय, जरा वाचून दाखवता का?" विचारण्यात कमीपणा नाही. न विचारता घासण्यात नुकसान आहे.

आमचे मामा आता बाटली उचलली की आधी तिच्यावरचे अक्षर लावून वाचतात. एकेक अक्षर लावायला वेळ लागतो. पण त्या दिवसापासून त्यांच्या पगारातून डागापायी एक पैसाही कापला गेलेला नाही.

उजळणी

१. मामांचे निळे फडके पांढरे का झाले?
२. वहाणेला तेल चालते, गादीला का चालत नाही?
३. जीनचा डाग त्याच आठवड्यात का पुसावा?
४. तुमच्या कामाच्या जागी असलेल्या एका बाटलीवरचे नाव पाहून वहीत उतरवा. उद्या वर्गात वाचून दाखवा.