आधी खेळ शोध, मग स्पिंडल घे

चिंचवड

चि. बंड्यास,


मखराच्या जाळीचे फोटो मिळाले. २०१८ मध्ये थर्माकोलवर बंदी आल्यापासून एमडीएफच्या मखरांना गिऱ्हाईक आहे, तेव्हा धंदा बरा निवडलास. पण तुझ्या सीएनसी राउटरला २.२ किलोवॉटचा वॉटर-कूल्ड स्पिंडल घ्यायचा का, याचं माझं उत्तर: आत्ता नको.

जाळीतलं मोठं वर्तुळ नीट बघ. घड्याळात बारा, तीन, सहा आणि नऊ जिथे असतात, तिथे कडेला बारीक पायरी पडली आहे. नेमकी त्याच जागी एकेका अ‍ॅक्सिसची दिशा उलटते. स्क्रू फिरायला लागतो, पण टूल क्षणभर जागचं हलत नाही. यालाच प्ले, म्हणजे खेळ, म्हणतात. मोटरच्या स्टेप्स सुटल्या असत्या, तर तिथून पुढचं सगळं काम एका बाजूला सरकलं असतं. सेटिंगमधला आकडा चुकला असता, तर वर्तुळ अंडाकृती झालं असतं. तुझ्याकडे या दोन्ही भानगडी नाहीत. ढिलाई आहे, आणि ताकद वाढवून ढिलाई जात नाही. उलट तो पाचेक किलोचा स्पिंडल पुढे लटकला की गॅन्ट्रीला पीळ बसेल आणि कापताना टूल थरथरेल.

दुखणं कुठे आहे ते मोजून काढ. मोटर्स चालू ठेव, म्हणजे त्या धरून राहतील. डायल इंडिकेटरचा मॅग्नेट स्टँड टेबलावर लोखंडी पट्टी घट्ट बसवून तिच्यावर लाव, टोक कोलेटपाशी टेकव, आणि स्प्रिंगच्या वजनकाट्याने स्पिंडल पाच किलोने ओढ. काटा किती हलला ते लिहून ठेव. मग ओढ तेवढीच ठेवून डायल झेडच्या प्लेटवर लाव, नंतर गॅन्ट्रीवर, मग बाजूच्या खांबावर. ज्या दोन जागांच्या मध्ये आकडा एकदम पडतो, तिथला जोड ढिला. बहुतेक वेळा कपलिंगचा ग्रब स्क्रू नाहीतर स्क्रूच्या टोकाचं बेअरिंग निघतं, आणि तो खर्च शंभर-दोनशेत आटोपतो.

पितळी नटच झिजला असेल, तर बॉलस्क्रू घे. १६०५ म्हणजे १६ मिलिमीटर जाडी आणि एका फेऱ्यात ५ मिलिमीटर चाल. ड्रायव्हर आठ मायक्रोस्टेपवर असेल, तर एका फेऱ्याला १६०० पल्स, म्हणजे मिलिमीटरला ३२०. तुझ्या सध्याच्या ८ मिलिमीटर चालीच्या स्क्रूला हा आकडा २०० आहे. जीआरबीएल या कंट्रोल सॉफ्टवेअरमध्ये तो बदलायला विसरलास, तर फुटाची जाळी साडेसात इंचांत उतरेल. आणि झेडला बॉलस्क्रू लावलास तर एक ध्यानात ठेव: लाइट गेली की जड स्पिंडल स्वतःच्या वजनाने खाली घसरू शकतो.

टेबल रुंद करायचा विचार मात्र सोड. गॅन्ट्रीची लांबी दुप्पट केलीस, तर तेवढ्याच जोराला वाक आठपट येतो. मखर तसंही घडीचं असतं. पॅनेल छोटी कापून जोड दे. फ्रेम भक्कम करायची असेल, तर कळंबोलीच्या पोलाद बाजारातून जाड बॉक्स सेक्शन आण. रेल ज्या पट्टीवर बसेल ती सपाट करून घे, कारण वाकड्या लोखंडावर महागडी रेलही वाकडीच चालते. बेअरिंग आणि कपलिंगसाठी पनवेल लोकलने मशीदला उतर आणि नागदेवी स्ट्रीटला चालत जा. ऑनलाइन स्वस्त मिळतं हे मलाही माहीत आहे, पण बेअरिंग बोटात फिरवून घेण्यात जी खात्री आहे ती डब्यात नाही.

तुमच्या पनवेलच्या पावसात एमडीएफचं टेबल फुगणारच. गणपतीचं काम हातात घेण्याआधी त्यावरून एक हलका कट फिरवून ते सपाट कर. रेलवर तेलाचा हात रोज फिरव, पण पातळ. जास्त झालं की भुसा बसून चिखल होतो. मास्कशिवाय एमडीएफ कापताना दिसलास, तर ताईला सांगेन.

सवड काढून पाबळला जाऊन ये. डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये काढलेला विज्ञान आश्रम तिथे आहे, आणि २००२ मध्ये एमआयटीच्या सहकार्याने तिथे फॅब लॅब उभी राहिली. त्याच एमआयटीने १९५२ मध्ये पहिलं न्यूमेरिकल कंट्रोलचं मिलिंग मशीन दाखवलं, तेव्हा यंत्र नवं घडवलं नव्हतं. सिनसिनाटीचं हायड्रोटेल हे दणकट मशीन घेतलं आणि त्यावर कंट्रोल चढवला. लोखंड आधी भक्कम होतं, डोकं नंतर आलं. तुझी गाडी उलट्या दिशेने निघाली आहे, एवढंच.

पुढे कधी स्पिंडल घेतलासच, तर व्हीएफडी आणि स्पिंडलच्या बॉडीला अर्थिंग दे, लिमिट स्विचच्या वायरी शील्डेड घे आणि लाल बटणाने स्पिंडलचीही वीज तुटेल असं कर.

माझा डायल आणि स्टँड येत्या रविवारी ताईकडे पाठवतोय. आधी रीडिंग्ज पाठव, खरेदीचं त्यानंतर बोलू. आणि डायल कुणाला उसना देऊ नकोस.

तुझा,
मामा