माप सारखे, वजन वेगळे : इयत्ता पाचवीसाठी एक कृतिपाठ

सातारा व सांगली या जिल्ह्यांतील घरांतून चिपटे, मापटे, शेर व पायली ही धान्याची मापे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर व चार शेरांची एक पायली, हे कोष्टक मुलांच्या आजीआजोबांस मुखोद्गत असते. ही मापे जागा मोजतात, वजन नव्हे. १९५६ च्या कायद्याने देशाने मेट्रिक वजनमापे स्वीकारली. परंतु स्वयंपाकघरात आजही वाटीचाच व्यवहार चालतो. त्यात चूक कोठे शिरते, हे नानकटाईच्या उदाहरणाने मुलांस चटकन उमगते.

भाजीत मीठ कमी पडल्यास ते मागाहून घालता येते. भट्टीत गेलेल्या नानकटाईस असा उपाय नाही. मैदा अधिक झाल्यास ती कोरडी होऊन तडकते. तूप अधिक झाल्यास पसरते. म्हणून वजन आधीच नेमके असावे लागते.

साहित्य : एक वाटी, चाळणी, सपाट पट्टी, वजनकाटा, मैदा व साखर.

कृती : (१) रिकाम्या वाटीचे वजन करून फळ्यावर लिहावे. (२) तीन विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने तीच वाटी मैद्याने भरावी : एकाने चाळलेला मैदा हलक्या हाताने घालून पट्टीने सपाट करावा, दुसऱ्याने दाबून भरावा, तिसऱ्याने शीग ठेवावी. (३) प्रत्येक वेळी वजन घेऊन वाटीचे वजन वजा करावे. (४) हीच वाटी साखरेने सपाट भरून तोलावी.

२४० मिलिलिटरच्या वाटीत हलका भरलेला मैदा सुमारे १२० ग्रॅम, दाबून भरलेला १५० ग्रॅम वा अधिक, तर साखर सुमारे २०० ग्रॅम भरते. असे का व्हावे, हे शिक्षकांनी सांगू नये, विचारावे. पिठाच्या कणांमध्ये हवा असते व दाबल्याने ती निघून जाते, या उत्तरापर्यंत मुलांनी स्वतः पोहोचावे.

उपयोजन : शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या प्रत्येक विद्यार्थ्यासाठी रोज १०० ग्रॅम तांदूळ ठरलेला आहे. पट चाळीस असल्यास चार किलो तांदूळ लागतो. किलोचा समजून वापरला जाणारा डबा प्रत्यक्षात ९०० ग्रॅमच भरत असेल, तर चार डब्यांत ४०० ग्रॅम तूट येते. ४०० ग्रॅम म्हणजे किती मुलांचा वाटा, हे गणित वर्गास घालावे. उत्तर चार येते. तूट सर्वांच्या ताटांत विभागली जाते, म्हणूनच ती कोणाच्या लक्षात येत नाही.

पाठाच्या अखेरीस विद्यार्थ्यांकडून शाळेतील मापाचा डबा तांदळाने सपाट भरून तोलून घ्यावा व आलेले वजन डब्यावर रंगाने लिहावे. डाळीसाठी वेगळे माप ठेवून त्यावरही तसेच लिहावे. डबा बदलल्यास पुन्हा तोलावा.